सेक्रेटरींचा खालचा सूर

इमारतीच्या सेक्रेटरींनी सबवूफर घेतला तो स्वतःच्या हौसेखातर नव्हे, साडूच्या एका वाक्याखातर.

साडूकडे जेवणं आटोपली होती आणि त्याने एक जुनं गाणं लावलं होतं. सेक्रेटरींना ते गाणं तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी त्यांना त्या गाण्यात एक माणूस जास्तीचा ऐकू आला. गाणाऱ्या बाईंच्या आवाजाच्या पार खाली, जाड तारेचं कसलंसं वाद्य घेऊन कुणीतरी गाणंभर सावकाश चालत होतं. इतकी वर्षं तो माणूस तिथे राहत होता आणि सेक्रेटरींकडे त्याची नोंद नव्हती. इमारतीत नवीन भाडेकरू आला की त्याची गादी जिन्यात वळायच्या आत जो गृहस्थ दारात फॉर्म घेऊन उभा राहतो, त्याला हे लागणं साहजिक होतं.

"तुमच्याकडे काय होतं," साडू पान उलटल्यासारखं सहज म्हणाला, "नुसतं वरचं वरचं वाजतं. खालचं तुमच्यापर्यंत पोचतच नाही."

तो बोलला गाण्याबद्दल. पण सेक्रेटरींच्या बायकोने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि ओळखलं, हे वाक्य आता आपल्याबरोबर घरी येणार, आणि मागोमाग एखादं खोकंही येणार.

खोकं आलं. त्यातून एक काळा, चौकोनी, अंगाने भारदस्त आणि चेहऱ्याने गंभीर असा डबा निघाला, फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर.

"एवढ्या मोठ्या डब्यात आत आहे तरी काय?" बायकोने विचारलं.

"आत काही नसतं. हवा असते. ती हलते."

"म्हणजे हवा विकत आणलीत. आपल्याकडे खिडकी होती की."

सेक्रेटरी वायरी सोडवू लागले. अज्ञानाशी वाद घालू नये, असं त्यांचं मत होतं, आणि बायकोशी घातला तर काय होतं याचा अनुभव होता.

आता सेक्रेटरींचा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. त्यांना प्रत्येक गोष्ट मधोमध लागे. तळमजल्यावरचा नोटीस बोर्ड त्यांनी गवंड्याची पाणसळ लावून टांगून घेतला होता. सभेत दोन बाजूंना भांडण लागलं की ते टेबलाच्या मधोमध बसून दोघांनाही सारखंच नाराज करत. तक्रार लेखी, दोन प्रतींत, हा नियम त्यांचाच. तोंडी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ते चहा देत, पण तक्रार घेत नसत. इतकी वर्षं ते सेक्रेटरी होते की वॉचमनला त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं, आणि टपालवाल्यालाही ते आठवावं लागे. हे पद म्हणजे काही राजसिंहासन नव्हे. गळक्या पाइपांचा आणि रुसलेल्या शेजाऱ्यांचा तो कारभार. पण कचेरीत त्यांच्या वर सात साहेब होते, आणि जिना चढून घरी आलं की एकही नव्हता. माणूस अशा गोष्टीला धरून असतो.

आणि नेमकी वार्षिक सभा तोंडावर आली होती. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी या वर्षी उभं राहायचं ठरवलं होतं. हे वकील जिन्यात भेटले तरी खटला चालू असल्यासारखे बोलत. "परिवर्तन," ते अंगठा आणि तर्जनी जुळवून म्हणत, "परिवर्तनाची आवश्यकता आहे, असं माझं नम्र म्हणणं आहे." त्यांचं कुठलंच म्हणणं नम्र नसे.

तर सेक्रेटरींनी टेप घेतली, हॉल मापला, समोरच्या भिंतीच्या बरोबर मधे डबा ठेवला, दोन स्पीकर त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, आणि खोलीच्या अगदी केंद्रबिंदूवर आपली खुर्ची. छताचा पंखा नेमका डोक्यावर आला. पाहणाऱ्याला वाटावं, आता या माणसाचा एक तर सत्कार होणार किंवा केस कापणार. त्यांनी ते गाणं लावलं, डोळे मिटले आणि खालच्या माणसाची वाट पाहू लागले.

तो आला नाही.

त्यांनी उठून डब्यामागचं बटण थोडं फिरवलं. पुन्हा येऊन बसले. वर बाई गात होत्या, मधे बासरी होती, खाली शुकशुकाट. आणखी फिरवलं. बसले. काही नाही.

"अहो," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "फळीवरचे डबे वाजतायत."

"कसले डबे?"

"चहा-साखरेचे. घूंऽऽ घूंऽऽ काहीतरी चाललंय आणि झाकणं नाचतायत. तुमचा तो डबा बंद करा."

"माझा डबा वाजतच नाहीये! तीच तर रड आहे. ये, बस इथे, बस."

बायको पदराला हात पुसत आली. खुर्चीत बसली. ऐकू लागली. खरंच, काहीच नव्हतं.

"आहे का काही?"

"नाही बाई."

"मग?"

बायको उठली, स्वयंपाकघरात गेली. झाकणं नाचत होती. पुन्हा दारात आली, नवऱ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. नेमकं काय घडतंय ते तिला उमगलं नाही, पण कुठून घडतंय ते पक्कं कळलं. ती बोलणार होती. पण एवढ्यात दाराची घंटा वाजली, आणि कुणीतरी जिन्यातल्या दिव्याबद्दल सांगायला आलं. ताटं वाढून ठेवलेली, आणि नवरा दारात उभं राहून दिवा कुणी फोडला असावा याचा ऊहापोह करतोय, असं तिच्या संसारात निम्म्या जेवणांना झालं होतं. तिच्या मनात काय हिशेब झाला कोण जाणे, पण ती आत गेली, झाकणांवर एक फडकं टाकलं आणि गप्प बसली.

हे गप्प बसणं पुढे फार महागात पडलं. तिला नव्हे.

पहिली तक्रार खालच्या मजल्यावरून आली. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत. सगळी इमारत त्यांना मास्तरीणबाई म्हणे, आणि त्या समोर आल्या की नखं स्वच्छ आहेत ना ते नकळत बघे. त्यांनी तक्रार लेखी आणली होती, दोन प्रतींत, समास सोडून.

"माझ्या कपाटातल्या कपबश्या संध्याकाळी आपोआप किणकिणतात," त्या म्हणाल्या. "जमिनीतून गुरगुर येते. मी घरात एकटी असते. मला भुतांवर विश्वास ठेवायला लावू नका, या वयात मला नवीन काही शिकायचं नाही."

"पंप," सेक्रेटरी म्हणाले. "बेअरिंग गेलं असणार."

"गुरगुर वरून आल्यासारखीही वाटते."

"आवाज पाइपातून चढतो आणि छतातून उतरतो." हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं, पण सेक्रेटरीच्या तोंडून काही वाक्यं न वाचताही बरी वाटतात.

पंपवाल्याला बोलावणं गेलं. त्याने पंपाला कान लावला, थोपटलं, म्हणाला, "साहेब, पंप एकदम ठणठणीत आहे."

"उघडा."

"पण—"

"तक्रार लेखी आहे. उघडा."

पंप उघडला गेला. दिवसभर इमारतीला पाणी नव्हतं. लोक बादल्या घेऊन जिन्यात बसले आणि सेक्रेटरींच्या कार्यतत्परतेबद्दल बोलू लागले. शब्द वेगळे होते. संध्याकाळी पंप परत जोडला. सेक्रेटरी दमून घरी आले, हातपाय धुतले, आता जरा जिवाला बरं वाटावं म्हणून गाणं लावलं, आणि खाली कपबश्या किणकिणू लागल्या.

मग लिफ्टच्या कंपनीचा माणूस आला. तो तत्त्वज्ञ होता. "आवाज लिफ्टचा असेल," तो म्हणाला, "तर लिफ्टबरोबर वरखाली जाईल. तुमचा आवाज एका जागी बसून आहे. तो लिफ्टचा नाही. तो स्थायिक आवाज आहे." वीज कार्यालयाने आधी अर्ज मागितला, मग अर्जाबरोबर मागच्या अर्जाची प्रत मागितली. मागचा अर्ज नव्हता हे सांगायला दुसरा अर्ज लागला आणि पटवायला तिसरा. शेवटी एक गृहस्थ आले आणि मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्या अलीकडे घुमलं तर आमचं, पलीकडे घुमलं तर तुमचं." आवाजाला मीटर दाखवायची सोय नसल्याने प्रकरण तिथेच राहिलं.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी की पाहणी चालू असताना आवाज कधीच यायचा नाही. सेक्रेटरी, खजिनदार आणि मास्तरीणबाई असं मंडळ पंपघरात जाऊन श्वास रोखून उभं राहायचं, आणि सगळं चिडीचूप. मंडळ पांगून सेक्रेटरी घरी पोचले, की गुरगुर सुरू.

"माणसं बघून गप्प बसतो लबाड," सेक्रेटरी म्हणाले.

"अगदी," खजिनदार म्हणाले. हे खजिनदार स्वभावाने इतके मऊ होते की शेवटी बोललेल्या माणसाचं मत ते त्यांचं मत असे.

"एक निरीक्षण नोंदवू?" जिन्यातून उतरणारे वकील थांबून म्हणाले. "आवाज फक्त सेक्रेटरी घरी असताना येतो. ते कचेरीत असले की शांतता असते. यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही. मी फक्त ते सभेपुढे ठेवीन."

"म्हणजे काय, माझ्या पोटात गुडगुडतंय असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी फक्त निरीक्षण नोंदवलं."

"अगदी," खजिनदार म्हणाले.

सेक्रेटरींना रात्री जेवण गेलं नाही. इतकी वर्षं इमारत सांभाळली, पाण्याच्या टाकीत उतरून स्वतः शेवाळ खरवडलं, आणि आता एक घुमारा सापडत नाही म्हणून खुर्ची जाणार. तीही त्या माणसाकडे, ज्याला टाकी कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नाही.

"सभेच्या आधी आवाज सापडला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर मी तोंड दाखवू शकत नाही."

"सापडेल," बायको भाताचा घास कालवत म्हणाली. "जवळपासच असेल."

दुसऱ्या आघाडीवरही त्यांची हारच चालली होती. ज्या दुकानातून डबा आणला, तिथे ते फोनवर फोन करत होते. "तुमच्या सबवूफरला खालचा सूर नाही." दुकानदार म्हणे, वाढवा. यांनी वाढवला. दुकानदार म्हणे, मागचा खटका उलटा करा. यांनी उलटा केला, मग सुलटा केला, मग वाढवला. बटण आता शेवटाला जाऊन टेकलं होतं, आणि तरी त्यांच्या खुर्चीत त्या जाड तारेच्या माणसाची सावलीसुद्धा पडत नव्हती. एकदा मात्र पाणी प्यायला उठले असता दाराजवळ त्यांना वाटलं, तो आला. ते धावत खुर्चीत येऊन बसले. तो गेला होता.

शेवटी सभेच्या आदल्या दिवशी दुकानदाराने खरा प्रश्न विचारला. "साहेब, खुर्ची कुठे आहे तुमची?"

"मधोमध," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले.

"आणि सब?"

"तोही मधोमध."

पलीकडून दीर्घ उसासा आला. "साहेब, खालचे सूर भिंतींवर आपटून परत येतात आणि खोलीच्या मधे एकमेकांना मारतात. तुम्ही नेमके स्मशानात खुर्ची टाकून बसलात. सगळ्या घराला ऐकू येत असेल, फक्त तुम्हाला नाही. आता एक करा. डबा तुमच्या खुर्चीवर ठेवा. मी एक चाचणीचा सूर पाठवतो, नुसती घूंऽऽ, तो लावून द्या. आणि तुम्ही खोलीभर रांगा."

"मी?"

"डब्याला रांगता येत नाही, साहेब. जिथे तुमच्या कानाला सूर भरीव लागेल, ती जागा डब्याची. सगळे असंच करतात. मोठमोठी माणसं रांगतात."

मोठमोठ्या माणसांचं नाव निघाल्यावर सेक्रेटरींना धीर आला. "सगळ्या घराला ऐकू येत असेल" हे मधलं वाक्य मात्र त्यांच्या कानावरून तसंच पुढे गेलं. रांगायचं म्हटल्यावर माणसाचं बाकीच्या तपशिलांकडे लक्ष राहत नाही.

सुट्टीची सकाळ होती. बायकोने अट घातली की डब्याचे पाय खुर्चीच्या गादीला लागता कामा नयेत, आणि वरून धूळ बसू नये म्हणून त्यावर एक फुलाफुलांची चादर टाकली. खुर्चीत तो डबा असा बसला की तापातून उठलेले कुणी आजोबा अंगाला गुंडाळून बसवलेत असं वाटावं. सेक्रेटरींनी जुना पायजमा घातला, गुडघ्यांना टॉवेल बांधले, सूर लावला, आणि चार पायांवर आले.

वयाच्या या टप्प्यावर आपलं घर खालून पाहणं शिक्षण देणारं असतं. सोफ्याखाली त्यांना हरवलेलं पेन सापडलं, ज्यावरून त्यांनी वॉचमनशी अबोला धरला होता. कपाटाखाली सोसायटीचा जुना शिक्का सापडला. या सगळ्यातून वाट काढत, एक कान जमिनीकडे ठेवून ते पुढे सरकत होते. खिडकीपाशी सूर पातळ होता. टीव्हीपाशी नुसती खरखर. पण मुख्य दाराशेजारी, चपलांच्या स्टँडजवळ पोचले आणि...

आला! तोच तो. भरीव, सावकाश, छातीच्या हाडावर हात ठेवल्यासारखा. सेक्रेटरी चपलांमधे मान घालून लहान मुलासारखे हसले. साडू आत्ता समोर हवा होता, असं त्यांना वाटलं. मग पायजम्याकडे लक्ष गेलं आणि वाटलं, बरं झालं नाही ते.

तेवढ्यात स्टँडवरची किल्ल्यांची वाटी किणकिणली.

सेक्रेटरींचं हसू जागच्या जागी राहिलं. किणकिण. कपबश्या. गुरगुर जमिनीतून येते, छतातून येते. आवाज सेक्रेटरी घरी असताना येतो. पाहणीला गेलं की गप्प बसतो. सगळ्या घराला ऐकू येत असेल, फक्त तुम्हाला नाही.

पंप उघडला होता त्यांनी. दिवसभर इमारत कोरडी ठेवली होती. तीन अर्ज केले होते.

आणि दाराची घंटा वाजली.

बायको दार उघडायला गेली. उघडता उघडता तिने मान वळवून नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत दया होती, पण कडी काढायचा हात थांबला नाही.

"सेक्रेटरी आहेत?" वकिलांचा आवाज. मागे मास्तरीणबाई आणि खजिनदार. "आवाज या क्षणी चालू आहे. अखेर रंगेहाथ सापडला आहे. त्यांना म्हणावं, ताबडतोब चला."

"आत आहेत," बायको म्हणाली. "कामातच आहेत."

मंडळ आत आलं, आणि पाहतं तो सेक्रेटरी गुडघ्यांना टॉवेल बांधून, जमिनीला कान लावून.

मग वकिलांनी असा काही सूर काढला, जो त्यांच्या गळ्यातून आजवर कुणी ऐकला नव्हता. त्यात आदर होता.

"धन्य आहे," ते म्हणाले. "आम्ही नुसते आरोप करतो, आणि हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरात गुडघे झिजवून आवाज शोधतोय. सेक्रेटरी, मी माझं निरीक्षण मागे घेतो." मग खुर्चीकडे लक्ष जाऊन त्यांनी घाईघाईने हात जोडले. "नमस्कार आजोबा. असू दे, उठू नका."

आजोबा उठले नाहीत.

हीच ती वेळ होती. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. सेक्रेटरींनी तोंड उघडलंही. पण इतक्या वर्षांत प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून आलेला तो पहिला चांगला शब्द होता, आणि सभा उद्यावर होती. त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

"इथे जरा जास्त येतोय."

"बघू," म्हणून वकील गुडघ्यांवर आले. त्यांच्या पाठोपाठ खजिनदारही आले. तीन मोठी माणसं हॉलभर कान लावत फिरू लागली. मधेच वकिलांची आणि खजिनदारांची टक्कर झाली, दोघांनी एकमेकांना "आधी तुम्ही" म्हटलं. खजिनदारांना फ्रिजजवळ काही तरी वाटलं, पण वकील "चूक" म्हणताच त्यांनाही ते चूक वाटलं.

"इथे!" वकील एकदम ओरडले. ते चपलांच्या स्टँडला मिठी मारून होते. "उगम इथे आहे! माझी खात्री आहे. मी सभेत शपथेवर सांगायला तयार आहे. या भिंतीच्या आत आहे. भिंत फोडावी लागेल!"

"भिंत?" सेक्रेटरी भिंतीला पाठ टेकवत म्हणाले.

"अगदी," खजिनदार म्हणाले.

मास्तरीणबाईंना गुडघ्यांमुळे रांगता येत नव्हतं. त्या इतका वेळ उभ्या राहून हा वर्ग बघत होत्या. "तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या, "मी जरा टेकते. आजोबा, थोडं सरकता का?"

आजोबा सरकले नाहीत. मास्तरीणबाई खाली वाकल्या, चादरीवर हात ठेवला, आणि ताप बघावा तसा तो तिथेच ठेवून उभ्या राहिल्या. "हे थरथरतायत," त्या म्हणाल्या. मग चादर उचलली.

काळा डबा. घूंऽऽ.

त्यांनी भिंतीवरच्या बटणापर्यंत जाऊन ते खाली केलं. घूं थांबली. किल्ल्यांची वाटी थांबली. वर केलं, सुरू. खाली केलं, बंद. असं त्यांनी दोनदा केलं. गणित सोडवून झालं तरी ताळा करून बघायची त्यांची जुनी सवय. मग हातातली चादर घडी घालत त्या तिघांकडे वळल्या.

"उभे राहा," त्या म्हणाल्या.

तिघंही उभे राहिले.

"पंप का उघडला होता?"

"बाई... बेअरिंग," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना स्वतःलाच कळलं नाही, आपण 'बाई' का म्हणालो.

"बटण शेवटाला लागलं तरी मला ऐकू यायचं नाही हो," ते पुढे म्हणाले, आणि हे मात्र त्यांनी मनापासून सांगितलं. "आत्ता कळलं. तुम्ही यायच्या आधी जरा. तेव्हाच बोलायला हवं होतं."

वकील स्टँडपासून सावकाश लांब झाले. त्यांच्या खांद्यावर एक मोजा होता. तो कुणी काढला नाही.

सभेत काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सभाच थोडक्यात झाली. सेक्रेटरींनी उभं राहून सगळं सांगितलं. आवाज मधोमध ठेवला, ना वर ना खाली. वकील मोठं भाषण करायला उठले, पण त्यांनी पहिलं "नम्र" उच्चारायच्या आत खजिनदार सरळपणे म्हणाले, "आणि वकीलसाहेबांनीच तर जागा शोधून काढली! आजोबांना नमस्कार करून, चपलांच्या स्टँडला धरून." त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. सभा जी हसली ती वकील खाली बसेपर्यंत हसत राहिली.

मग प्रश्न आला, सेक्रेटरी कोण? कुणीतरी म्हणालं, त्या खोलीत एकच माणूस दोन पायांवर होता. मास्तरीणबाई म्हणाल्या, मला नको. त्यांना मत विचारलं नव्हतं.

नव्या सेक्रेटरींचा पहिला हुकूम माजी सेक्रेटरींना पोचला. डबा चपलांच्या स्टँडशेजारी ठेवावा, कारण ती जागा एका विधिज्ञाने शपथेवर निश्चित केली आहे. बटण पाव फेऱ्याच्या वर नेऊ नये. खुर्ची मधून हलवून हातभर मागे घ्यावी.

शेवटचं कलम माजी सेक्रेटरींना झेपायला वेळ लागला. पंखा डोक्यावरून गेला, खोली एकीकडे कलल्यासारखी वाटू लागली. पण त्यांनी खुर्ची मागे घेतली, गाणं लावलं, डोळे मिटले. बटण पावावर होतं. बाई गाऊ लागल्या आणि खाली, कुठलाही गाजावाजा न करता, तो जाड तारेचा माणूस चालत आला आणि शेजारी बसल्यासारखा बसला.

गाणं संपेपर्यंत दाराची घंटा वाजली नाही. दुसऱ्या गाण्यालाही नाही. माजी सेक्रेटरींना आधी चुकल्यासारखं झालं. दोन-तीनदा ते उगाच दारापर्यंत जाऊन आले. मग त्यांना सवय झाली. बायकोने ताटं घेतली, आणि दोघं जेवण संपेपर्यंत बसून राहिली. "इतकं गरम असतं का गं नेहमी?" त्यांनी जेवणाबद्दल विचारलं. "मी वाढायची तेव्हा असायचं," ती म्हणाली.

असेच काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी घंटा वाजली. नुसती वाजली नाही, कुणी तरी तिच्यावर रेलल्यासारखी वाजली. दारात निम्मी इमारत. पुढे वकील.

"बंद करा!" वकील म्हणाले. "पुन्हा तेच! आमच्याकडे खिडक्या हादरतायत. अटीचा भंग आहे हा."

"अगदी," खजिनदार म्हणाले.

माजी सेक्रेटरी शांतपणे बाजूला झाले आणि आत बोट दाखवलं. डबा स्टँडशेजारी बसला होता. त्याचा दिवा विझलेला होता. प्लग काढून, वायर गुंडाळून वर ठेवलेली होती. बायको त्यामागे झाडत होती.

सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी कान दिला. खालून, पंपघराच्या बाजूने, भरीव, सावकाश, स्थायिक असा आवाज येत होता. घूंऽऽ.

"पंप!" कुणीतरी म्हणालं.

"बेअरिंग," माजी सेक्रेटरी म्हणाले. आयुष्यात एवढं समाधान त्यांनी एका शब्दात कधी भरलं नव्हतं.

"मग करा ना काहीतरी!" वकील म्हणाले. "पंपवाल्याला फोन लावा!"

"माझा काय संबंध?" माजी सेक्रेटरींनी दार हळूहळू लोटत म्हटलं. "तक्रार खालच्या मजल्यावर, बाईंकडे. लेखी. दोन प्रतींत. समास सोडून."

दार लागलं. पावलं जिना उतरून गेली. माजी सेक्रेटरी खुर्चीत येऊन बसले, मधोमध नव्हे, हातभर मागे, आणि डोळे मिटून पंप ऐकू लागले. चांगला लागला होता.

"एक सांगू?" बायको झाडू भिंतीला टेकवत म्हणाली. "त्या दिवशी पंपवाला सांगत होता ना, पंप ठणठणीत आहे म्हणून?"

"हं."

"मग तो कुणी उघडायला लावला, ते नाही सांगितलंत त्यांना."

माजी सेक्रेटरींनी एक डोळा उघडला. मग उठून डब्याचा प्लग लावला, ते गाणं लावलं, आणि बटण पावाच्या किंचित वर नेलं.